कृपा आणि कमाई : केडगावच्या ‘कृपासदना’ची गोष्ट

(वाकड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज इथे येताना रिक्षात बसलो, तर समोरच्या टेम्पोच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आईची कृपा’. उतरलो तिथे बंगल्याचं नाव ‘गुरुकृपा’. आणि या सभागृहाच्या दारावर कागद लावलाय, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’. म्हणजे पंधरा मिनिटांत तीनदा कृपा झाली! जुन्या पिढीतले लोक तर पत्राच्या शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’ असं लिहायचे, मग ते पत्र उधारी वसूल करण्यासाठी का असेना. इतका हा शब्द आपण वापरून वापरून गुळगुळीत केलाय. जुन्या नाण्यासारखं त्याचं झालंय. खिशात असतं, पण त्यावरचा छाप कोणी बघत नाही.

आज तो छाप जरा पुसून बघायचाय. विषय आहे ख्रिस्ती श्रद्धेतली कृपेची कल्पना. मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे, धर्मोपदेशक नाही. कोणाला काही पटवून देण्यासाठी आलेलो नाही. पण एक गोष्ट मला फार दिवस सतावते. ही कल्पना नुसती युरोपातल्या पोथ्यांमध्ये राहिली नाही. ती आपल्या पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, केडगावला एका इमारतीचं नाव झाली, ‘कृपासदन’. तिथपर्यंत ती कशी पोचली, आणि त्या इमारतीत कोण राहायचं, हे सांगितलं म्हणजे कल्पनेचा अर्थ आपोआप उलगडेल असं मला वाटतं.

सुरुवात माझ्या धंद्यातल्या उदाहरणाने करतो. परीक्षेत ‘ग्रेस मार्क’ असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पस्तीसला पास, मुलाला बत्तीस पडले, तर तीन गुण वरून द्यायचे. कित्येक वर्षं मला वाटायचं की ख्रिस्ती लोकांची ग्रेस म्हणजे साधारण हेच असणार. माणसाने आपल्या परीने पुण्य करायचं, थोडं कमी पडलं तर देव वरून भर घालतो. नंतर मूळ ग्रंथ वाचायला लागलो तेव्हा कळलं की मी नेमका उलटा अर्थ घेऊन बसलो होतो. ग्रेस मार्क कोणाला मिळतात? बत्तीसवाल्याला. ज्याला चार पडलेत त्याला नाही. म्हणजे ती सवलतसुद्धा कमवावीच लागते, बत्तीसपर्यंत यावंच लागतं. ख्रिस्ती श्रद्धेतली कृपा मात्र चार गुणवाल्यापासून सुरू होते. किंबहुना जो परीक्षेला बसलाच नाही, त्याच्यापासून सुरू होते. मग प्रश्न येतो की हा न्याय झाला का?

हा प्रश्न नवा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर आणायला बाहेर पडतो. आपल्याकडे सकाळी मजूर अड्ड्यावर माणसं उभी असतात ना, घमेलं नि डबा घेऊन, तसंच दृश्य. एक दिनार रोज ठरवून तो काहींना नेतो. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि शेवटी पाच वाजताही जातो. पाच वाजता उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामालाच लावलं नाही. त्यांनाही तो नेतो. संध्याकाळी मजुरी वाटताना सगळ्यांना सारखीच, एक दिनार. सकाळी आलेले चिडतात. आम्ही उन्हात राबलो, आणि हे तासाभरापूर्वी आलेले आमच्या बरोबरीचे?

ही गोष्ट मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं नेहमी सकाळच्या मजुरांची बाजू घ्यायची. इथेही बरेच जण मनातून घेत असतील. अप्रेझल, रेटिंग, व्हेरिएबल पे या जगात दिवस काढणाऱ्या माणसाला दुसरी बाजू पटणं अवघडच आहे. पण एक बारकावा बघा. पाच वाजेपर्यंत अड्ड्यावर कोण उरतं? तरुण, धडधाकट गडी सकाळीच उचलले जातात. उरतो तो म्हातारा, लंगडा, आजारी. त्यालाही रात्री घरी पोरांच्या तोंडात घास घालायचाच असतो. एक दिनार ही दिवसाची भाकरी आहे. भूक तासांच्या हिशोबाने कमी-जास्त लागत नाही. सकाळवाल्यांचा एक पैसाही मालकाने कापलेला नाही. म्हणजे न्याय मोडलेला नाही, त्याच्या पुढे जाऊन काहीतरी केलेलं आहे. या ‘पुढे जाऊन’ला ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात.

शब्दाकडे थोडं बघू. नव्या करारात ग्रीक शब्द आहे ‘खारिस’. त्याच्या अर्थात प्रसन्नता आहे, देणगी आहे, आणि देणगी मिळाल्यावरची कृतज्ञताही आहे. जुन्या करारात हिब्रूत ‘हेन’ आणि ‘हेसेद’ असे दोन शब्द येतात. ‘हेसेद’मध्ये दिलेल्या शब्दाला जागणं, समोरचा चुकला तरी आपण नातं न सोडणं, हा भाव आहे. लॅटिनमध्ये ‘ग्रातिया’ झालं आणि त्यातून इंग्रजी ‘ग्रेस’ आला. संत पौलाने हा शब्द आपल्या पत्रांचा कणा बनवला. इफिसकरांच्या पत्रात तो सांगतो की तुमचं तारण कृपेने झालं, ते तुमच्या कर्मांचं फळ नव्हे, देणगी आहे, आणि म्हणून कोणाला फुशारकी मारायला जागा नाही.

आता ‘तारण’ हा शब्द बघा, मोठा गमतीचा आहे. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे उद्धार. आणि वाकडमध्ये राहणाऱ्या माणसाला तारण म्हटलं की काय आठवतं? गृहकर्ज! फ्लॅट बँकेकडे तारण, सोनंतारण. दोन्ही अर्थांना बांधणारा धागा एकच आहे, बुडणाऱ्याला तारण्याचा. पण व्यवहारात तारण कर्जदार ठेवतो. ख्रिस्ती कल्पनेत ते सावकार स्वतःच ठेवतो. क्रुसाचा अर्थ हा असा, आपल्या भाषेतल्या एका शब्दातून सांगता येतो.

मराठीत ही कल्पना तशी फार जुनी आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! मराठीची थोरवी त्याने गायली, ओवीचा घाट घेतला, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’सारखा इथलाच शब्द वापरला. गोव्यातले ख्रिस्ती आजही कोंकणीत ‘कुर्पा’ म्हणतात, आणि वसईकडच्या मराठी प्रार्थनेत मरियेला ‘कृपापूर्णे’ असं संबोधतात. म्हणजे शब्द आपलाच राहिला. त्याच्या आतला आशय मात्र जुना की नवा, हा वाद चालू राहिला.

तिकडे युरोपात काय चाललं होतं, ते थोडक्यात सांगतो, कारण त्याचा धागा केडगावला पोचतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन आणि पेलेजियस यांचा वाद झाला. पेलेजियस हा ब्रिटनमधून रोमला आलेला साधक होता, अत्यंत सचोटीचा माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. देवाने आज्ञा दिल्यात, म्हणजे त्या पाळण्याची शक्तीही माणसाला दिली असणारच. मग सबबी कसल्या सांगता? ऑगस्टीन म्हणाला, अरे, मी स्वतःशी झगडून बघितलंय. इच्छाच आजारी असेल तर नुसतं ‘इच्छाशक्ती वापर’ म्हणून काय उपयोग? पाय मोडलेल्याला ‘चाल’ म्हणण्यासारखं आहे ते. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची मतं अमान्य केली. पुढे १५१७ पासून मार्टिन ल्यूथरने हाच मुद्दा नव्या धारेने उचलला. कृपा विकत मिळत नाही, व्रतांनी साठवता येत नाही, ती श्रद्धेने घ्यायची. कॅथलिक चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं की कृपाच पहिली हे मान्य, पण माणसाने तिला साथ द्यायला हवी. या भांडणात शतकं गेली, माणसं मेली. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की या मूळ मुद्द्यावर आपलं एकमत आहे. सुमारे पावणेपाचशे वर्षांनी!

आपल्याला हा वाद परका वाटायचं कारण नाही. रामानुजांच्या परंपरेत नेमका हाच वाद झाला. वडकलै म्हणाले मर्कटन्याय. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरतं, म्हणजे जिवाकडून थोडा तरी प्रयत्न हवा. तेंकलै म्हणाले मार्जारन्याय. मांजर पिल्लाला मानगुटीला धरून उचलते, पिल्लू काहीच करत नाही. पेलेजियसचं पिल्लू तर माकडाच्याही पुढचं, ते स्वतःच चालत जातं! आणि ल्यूथर पक्का मांजरवाला.

आता येतो आपल्या जिल्ह्यात.

पंडिता रमाबाईंबद्दल शाळेत आपण दोन ओळी वाचतो, शारदा सदन आणि स्त्रीशिक्षण. त्यांचं बालपण मात्र या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचा ‘गुन्हा’ केलेला माणूस. त्यांची मालमत्ता आतिथ्यात आणि दानधर्मात गेली. मग हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरू लागलं. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ आला. यांनी काय केलं? व्रतं केली, उपास केले, अनुष्ठानं केली, हातात उरलेला पैसा ब्राह्मणांना दान केला, कारण देव प्रसन्न होईल हा विश्वास. देव आपला हिशोब चुकवेल, या भरवशावर सगळं संपलं. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीण पटकीने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत उत्तरेत गेले. पुढे कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊही गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आतच पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात लहानगी मनोरमा.

मला इथे कोणाच्या श्रद्धेवर टीका करायची नाही. त्या कुटुंबाची निष्ठा शंभर नंबरी होती. रमाबाईंच्या मनात उरलेला प्रश्न मात्र लक्षात घ्या. आम्ही सगळं दिलं, आता आणखी काय द्यायचं? त्यातच शास्त्रं वाचताना त्यांच्या लक्षात आलं की बाकी कशावर नसलं तरी एका बाबतीत ग्रंथांचं एकमत आहे, ते म्हणजे स्त्रिया आणि शूद्र मोक्षाला अपात्र. म्हणजे कमाई करायचीही मुभा नाही. मोजण्याच्या तराजूतच जागा नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात राहिल्या. त्या सिस्टरांचं लंडनजवळ फुलहॅमला एक केंद्र होतं. ज्या स्त्रियांना समाज ‘पतित’ म्हणून टाकून देतो, त्यांच्यासाठीचं. ते बघून रमाबाई थक्क झाल्या. या बायकांना कोणी पोटाशी धरू शकतं? त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली, गावाने बाजूला टाकलेली, भर दुपारी एकटी विहिरीवर येणारी बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तिच्या हातचं पाणी मागतो! या देशात ‘हातचं पाणी’ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. रमाबाईंना ते लगेच कळलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला खरा रस पुढे आहे. बाप्तिस्मा झाल्यावरही रमाबाई सगळं निमूट मानत नव्हत्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांची लांबलचक पत्रं आहेत. त्रैक्य, चर्चचा अधिकार, अशा विषयांवर त्या हुज्जत घालतात, मला पटल्याशिवाय मी म्हणणार नाही असं बजावतात. एका चौकटीतून सुटून दुसरीत अडकायचं नाही, हा त्यांचा बाणा. आणि तरीही, १९०७च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

याचा अर्थ काय? बाप्तिस्म्याचा विधी केला म्हणजे नवा जन्म झाला, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे लहानपणीची सवयच! विधी करायचा, फळ मिळायचं. तीर्थ बदललं, हिशोब तोच राहिला. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मवृत्त आलं. हा गृहस्थ स्वतः पाद्री, वर्षानुवर्षं उपदेश करणारा, आणि एक दिवस व्यासपीठावर बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण सांगतोय ते आपल्यालाच मिळालेलं नाही! रमाबाईंनी ते वाचलं आणि स्वतःकडे वळून पाहिलं. कृपा विधीने मिळवायची नसते, ती रिकाम्या हाताने घ्यायची असते. रानात पाला खाणाऱ्या त्या मुलीला हे समजायला केवढा प्रवास करावा लागला बघा.

आता कोणी म्हणेल, ही झाली एका बाईची आतली गोष्ट, इतिहासाला तिचं काय? तर ऐका. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवांसाठी, धर्माच्या बाबतीत तटस्थ, असं त्याचं स्वरूप ठरलेलं होतं. १८९३ साली मोठा गदारोळ झाला. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने तर आधीपासूनच तोफ डागलेली होती. या वादात एक खरा प्रश्न होता, तो आपण टाळू नये. मदत घेणारी विधवा आणि मदत देणारी पंडिता, या दोघींत धर्म आला तर ती मदत निर्मळ राहते का? पोटाला अन्न आणि त्याबदल्यात श्रद्धा, असा सौदा झाला, तर ती कृपा राहतच नाही. ती मजुरी होते. दुष्काळातल्या धर्मांतरांबद्दल हा आक्षेप महाराष्ट्रात वारंवार घेतला गेला, आणि तो घेणाऱ्यांनी नकळत कृपेची अगदी अचूक व्याख्या केली. जिच्यामागे अट आहे ती कृपा नव्हे.

रमाबाई या कसोटीला पूर्ण उतरल्या का? यावर आजही दोन मतं होऊ शकतात. पुढे मुक्ती मिशन उघडउघड ख्रिस्ती संस्था झालं, हे खरं आहे. पण दुसरी बाजू बघा. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं, तेव्हा ही बाई तिकडे गेली, कारण भूक म्हणजे काय हे तिला आठवत होतं. तिथून मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर राहुट्या टाकल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ २००० माणसं राहत होती. विहिरी, विणकाम, छापखाना, तेलघाणा, शाळा, सगळं बायकांनी चालवलेलं. आणि त्यातच एक वेगळी इमारत, ‘कृपासदन’. फसवल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या, आजार घेऊन आलेल्या, ज्यांना इतर बायकांनीसुद्धा शेजारी बसू दिलं नसतं, अशांसाठी.

फुलहॅममध्ये जे बघितलं, ते त्यांनी केडगावला बांधलं. नाव मात्र इथल्या भाषेतलं दिलं. आणि बघा, त्या आवारातली नावं काय होती? शारदा सदन, मुक्ती सदन, प्रीती सदन. ज्या इमारतीला ‘पश्चात्ताप’ किंवा ‘सुधार’ असं नाव देणं कोणालाही सुचलं असतं, तिला ‘कृपा’ हे नाव दिलं. म्हणजे आत येणारीने आधी सुधारून यायचं नाही. आधी आत यायचं. बाकीचं नंतर.

हेच वेगळ्या वाटेने नारायण वामन टिळकांकडे दिसतं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ते म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. देहू इथून किती लांब आहे? संध्याकाळी ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या-पाऊण तासावर! ‘पतितपावन’ हे देवाचं नाव आपल्या संतांनी घरोघरी पोचवलं. टिळकांना नवीन भाषा शिकावी लागली नाही, अभंग त्यांच्याकडे होताच. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांना जागा. कृपेला कुंपण घालायचं नाही, असा त्यांचा आग्रह होता. दोनच वर्षांनी, १९१९ साली ते गेले.

पण आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. पतितपावन म्हणणाऱ्या पंढरपुरात चोखोबांची समाधी पायरीशी, बाहेर. देवळाचं दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचा उपास लागला. आणि कृपा सर्वांना सारखी म्हणणाऱ्या चर्चचं काय? गोव्यात चर्चच्या बंधुसंघांमध्येसुद्धा जातीचे भेद राहिलेच. शब्द सगळ्यांनी जपला, दार मात्र कोणालाच पूर्ण उघडता आलं नाही.

एक मोठा आक्षेप अजून उरतो, आणि तो मांडणारा माणूसही आपल्या शेजारचाच. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. विचार करा, हे का म्हणावंसं वाटलं? ज्या समाजाला शतकानुशतकं दुसऱ्याच्या कृपेवर जगवलं गेलं, शिळ्या भाकरीसाठी हात पसरायला लावलं गेलं, त्याला ‘कृपा’ या शब्दाची शिसारी येणारच. वरच्याची मेहेरबानी म्हणजे कृपा असेल तर ती नकोच. माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. हा आक्षेप मला पेलेजियसपेक्षाही वजनदार वाटतो, कारण यात स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

याला उत्तर आहे का? पूर्ण नाही. पण एक भेद करता येतो. मेहेरबानी करणारा वर उभा राहून टाकतो, आणि आयुष्यभर त्याची आठवण करून देतो. विहिरीवरच्या गोष्टीत येशू आधी मागतो, मग देतो. तहानलेला तो आहे. देणारा खाली उतरलेला आहे. कृपा आणि उपकार यांच्यातला फरक हाच. उपकाराने माणूस लहान होतो, कृपेने उभा राहतो. आणि हा फरक पुस्तकात कळत नाही, घेणाऱ्याच्या पाठीच्या कण्याकडे बघितलं की कळतो.

दुसऱ्या बाजूने धोकाही आहे, तो ख्रिस्ती विचारवंतांनीच दाखवला. फुकट मिळतंय म्हणून काहीही करावं का? आपल्याकडे म्हणतातच ना, फुकट ते पौष्टिक! पौलानेच रोमकरांच्या पत्रात हा प्रश्न विचारून नाही म्हटलंय. जर्मनीत डीट्रिख बॉनहॉफर या पाद्र्याने १९३७ साली ‘स्वस्त कृपे’वर कोरडे ओढले. हिटलरपुढे गप्प बसायचं आणि रविवारी क्षमा घेऊन घरी जायचं, ही स्वस्त कृपा. त्याने स्वतः किंमत मोजली. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्याला फाशी दिलं. घेणाऱ्याला कृपा फुकट असते, पण ती स्वस्त नसते.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो. माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत कामगार होते. आयुष्यभर एकच वाक्य, ‘मी कोणाचं फुकट खाल्लं नाही.’ आणि ते खरं होतं. शेजाऱ्याने वाटीभर साखर दिली तर वाटी रिकामी परत जायची नाही. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. भरवावं लागायचं, अंग पुसावं लागायचं. माझी पत्नी ते सगळं करायची. आणि ते प्रत्येक घासाला तोंड फिरवायचे. राग तिच्यावर नव्हता, परत काही देता येत नाही याचा होता. एका दुपारी ती त्यांना म्हणाली, “मामंजी, मी हे कशाच्या बदल्यात करतेय असं तुम्हाला वाटतं?” ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि घास घेतला. त्यानंतर ते जे चार महिने जगले, ते शांत जगले.

मी पीएच.डी.साठी ऑगस्टीन वाचला होता, ल्यूथर वाचला होता. ‘रिकाम्या हाताने घेणं’ म्हणजे काय, हे मला त्या दुपारी समजलं. देणं तसं सोपं असतं, त्यात आपण मोठे होतो. घेता येणं अवघड. आपल्या या पट्ट्यात कमावणाऱ्यांची वस्ती आहे, आणि कमाईचा मला आदर आहे. पण आयुष्याच्या दोन्ही टोकांना, पाळण्यात आणि अंथरुणावर, आपण पाच वाजताचे मजूरच असतो. तेव्हा कोणीतरी पूर्ण दिनार हातावर ठेवावा लागतो. तो देव ठेवतो की माणूस, हे ज्याचं त्याने ठरवावं.



(व्याख्यानानंतर विचारलेला एक प्रश्न)

प्रश्न : सर, सगळं कृपेनेच मिळतं म्हटलं तर मुलांना अभ्यास कर, कष्ट कर हे कशाला सांगायचं?

उत्तर : चांगला प्रश्न आहे, ताई. रमाबाईंचंच उदाहरण घ्या. कृपा कळल्यावर त्या हात जोडून बसल्या का? उलट तेव्हापासून कामाचा डोंगर उपसला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकहाती संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. १९२१ साली एकुलती एक मुलगी गेली, तरी हातातलं काम टाकलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये जाण्याच्या थोडं आधी ते पुरं केलं. फरक इतकाच की आधी त्या मिळावं म्हणून करत होत्या, नंतर मिळालंय म्हणून केलं. मुलांना कष्ट करायला जरूर सांगा. फक्त निकालाच्या दिवशी घरात जेवायचं ताट मार्कांवर ठरत नाही, एवढं त्यांना आधीच कळू द्या. मग बघा, अभ्याससुद्धा बरा करतील.